दहावी नापास माणसाचा पासपोर्ट

निवृत्त शिक्षकाकडे लोक दोन कामांसाठी येतात. लग्नाची पत्रिका द्यायला आणि कागद वाचून घ्यायला. पत्रिकेला अर्धा कप चहा पुरतो, कागदाला मात्र दुपार जाते. सातबारावरचा फेरफार, पीक विम्याचे पत्र, बँकेची नोटीस, कुणाच्या सुनेच्या माहेरून आलेले वकिलाचे पत्र; जालन्यातल्या माझ्या घराच्या ओसरीवर बसून गेली काही वर्षे मी हे सारे वाचून देतो आहे. त्यामुळे मागच्या श्रावणात एक जुना विद्यार्थी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली निळी पुस्तिका घेऊन आला, तेव्हा हाही एक कागदच, असे समजून मी चष्मा काढला.

पुस्तिका म्हणजे पासपोर्ट होता. पण तो वाचून घ्यायचा नव्हता.

"गुरुजी, एक काम हाय. नाही म्हणू नका."

"आधी सांग तरी."

"दहावीचा कागद पाहिजे. पास झाल्याचा."

"अरे, तू तर नववीत शाळा सोडलीस."

"म्हणूनच तुमच्याकडं आलो ना."

घनसावंगी तालुक्यातल्या ज्या शाळेत मी बरीच वर्षे काढली, तिथला हा मुलगा. नववीच्या दिवाळीला आईबापाबरोबर कोयत्यावर गेला, उसाचा हंगाम संपवून उन्हाळ्यात परतला आणि नंतर शाळेकडे फिरकला नाही. असे दर वर्षी पाच-सात जण जात. आम्ही हजेरीपटावर लाल शाईने 'दीर्घ गैरहजर' असे लिहायचो आणि जूनमध्ये नवा पट उघडायचो. पुढे तो जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगच्या शेडवर हेल्पर म्हणून लागला. आता त्याचे वय बत्तीस. दोन पोरे, सव्वा एकर कोरडवाहू आणि हाताला दहा-बारा वर्षांचे वेल्डिंग. सौदी अरेबियात एका वर्कशॉपमध्ये जागा असल्याचे त्याला कुणीतरी सांगितले होते. पासपोर्ट काढला, फोटो काढले, आणि मग कळले की पासपोर्टावर इंग्रजी 'ईसीआर' ही तीन अक्षरे आहेत. ही अक्षरे घालवायची तर दहावीचा कागद हवा, असे तालुक्याच्या गावातल्या एका 'भाऊं'नी त्याला सांगितले होते. हे भाऊ मोबाईलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून माणसे परदेशी पाठवतात.

बनावट कागद मी देणार नव्हतोच, आणि तसे सांगायला मला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढचे समजून घ्यायला. या पोराला दहावी पास असण्याची गरज नेमकी कशाला? सौदीतला मालक त्याला पायथागोरसचा सिद्धांत विचारणार नव्हता. त्याला हवी होती सरळ, न फुगलेली जोडाची शिवण, आणि ती हा पोरगा डोळे मिटून घालतो.

ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'. या माणसाला नोकरीसाठी काही देशांत जाऊ देण्याआधी तपासणी करा, अशी ती आपल्याच सरकारची आपल्याच अधिकाऱ्यांना सूचना. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यातून ही व्यवस्था आली. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, इराक, येमेन, लिबिया, मलेशिया, थायलंड अशी १८ देशांची यादी आहे. ज्याच्या पासपोर्टावर ही अक्षरे आहेत त्याने यांपैकी कुठेही नोकरीला जायचे, तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणजे उत्प्रवासी संरक्षक नावाच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. आपल्या भागाला जवळचा संरक्षक मुंबईत बसतो, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात. अर्ज आता 'ई-मायग्रेट' या सरकारी संगणक व्यवस्थेतून होतो, त्यामुळे पूर्वीसारखे देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून जाऊन खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही, एवढी सुधारणा मान्य केली पाहिजे.

तपासणी कुणाला माफ, याची यादी वाचण्यासारखी आहे. दहावी पास असलेल्याला माफ. आयकर भरणाऱ्याला माफ. तीन वर्षे परदेशात राहून आलेल्याला माफ. पन्नाशी ओलांडलेल्याला माफ. पन्नाशीनंतर माणूस फसत नाही, असे कायद्याला वाटत असावे. मान्यताप्राप्त संस्थेची दोन वर्षांची पदविका असली तरी माफ, पण बारा वर्षे भट्टीशेजारी उभे राहून शिकलेल्या कसबाला पदविका देणारी संस्था अजून निघालेली नाही. उलट बाजूने, घरकामासारख्या कामाला निघालेली ईसीआर पासपोर्टची बाई तीस वर्षांच्या आतली असेल तर तिला मंजुरी मिळतच नाही.

या नियमांमागची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. शिकलेला नसलेला माणूस अरबी आणि इंग्रजीतला करार वाचू शकत नाही. एक पगार सांगून दुसरा देतात, उतरल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतात, वेल्डर म्हणून नेतात आणि उंट-मेंढ्यांमागे वाळवंटात सोडतात. आखातातल्या कफाला पद्धतीत माणसाची राहण्याची आणि काम करण्याची परवानगी मालकाच्या, म्हणजे कफीलाच्या नावाशी बांधलेली असे. मालक बदलायचा तर मालकाचीच संमती, देश सोडायचा तरी मालकाचीच. कफीलाने 'पळून गेला' अशी नोंद केली की उभा माणूस बेकायदा. कतारने २०२० मध्ये आणि सौदीने २०२१ मध्ये यात सुधारणा केल्या, बऱ्याच कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. पण घरकाम करणारे आणि खाजगी गाडीचे चालक त्या सौदी सुधारणांच्या बाहेरच राहिले. २०१६ मध्ये सौदीतल्या मोठ्या बांधकाम कंपन्या डबघाईला आल्या तेव्हा हजारो भारतीय कामगार पगाराविना, जेवणाविना छावण्यांत अडकले होते आणि परराष्ट्र खात्याला त्यांच्या अन्नाची सोय करावी लागली होती. संरक्षकाची गरज आहेच.

मग अडचण कुठे आहे? मी त्या पोराबरोबर बसून कागदावर हिशोब मांडला तेव्हा ती दिसली.

रीतसर मार्ग असा: परदेशी मालकाने ई-मायग्रेटवर नोंदणी करायची, माणसे किती आणि पगार काय हे लिहून द्यायचे. परवानाधारक एजंटाने भरती करायची. या एजंटाने सरकारकडे ५० लाखांची बँक हमी ठेवलेली असते, आणि कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेण्याचा त्याला अधिकार असतो. करार, वैद्यकीय तपासणी, मग 'प्रवासी भारतीय बीमा योजने'चा विमा. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाखांचे संरक्षण. एवढे झाले की संरक्षकाची मंजुरी. वाचायला सगळे सरळ आहे.

प्रत्यक्षात परवानाधारक एजंट मुंबईत आणि आमचा गडी घनसावंगीत. मधले अंतर भरून काढतो तो तालुक्याचा भाऊ. कायद्याच्या लेखी हा भाऊ अस्तित्वातच नाही. त्याला परवाना नाही, त्याची हमी नाही, त्याची पावती नाही. पण माणूस शोधतो तो, पैसे घेतो तो आणि विमानतळावर सोडायला येतो तोही तोच. या पोराला सांगितलेला आकडा होता एक लाख साठ हजार. त्यातले साठ आधी, बाकीचे व्हिसा दाखवल्यावर. सव्वा एकरातला अर्धा तुकडा गहाण टाकायचे घरात ठरतही आले होते. आमच्याकडच्या ऊसतोडीची ज्यांना माहिती आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तिथे मुकादम आधी उचल देतो आणि हंगामभर माणूस फेडत राहतो. इथे माणूसच आधी उचल देतो आणि तरीही तोच फेडत राहतो.

शिवाय ज्या वर्कशॉपची जागा होती ते पाच-सहा माणसांचे. असला मालक भारत सरकारच्या व्यवस्थेत नोंदणी करायच्या फंदात कशाला पडेल? त्याला बांगलादेशातून, नेपाळातून माणूस मिळतो. म्हणजे ईसीआर पासपोर्टवाल्यापुढे दोनच वाटा उरतात. नोंदणी केलेल्या मोठ्या कंपनीची भरती निघेपर्यंत थांबायचे, किंवा भाऊंची वाट धरायची. भाऊंच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, दहावीचा खोटा कागद जोडून नवा पासपोर्ट काढायचा. दुसरी, दुबईच्या भेटीच्या व्हिसावर पर्यटक म्हणून जायचे, परतीचे तिकीट खिशात ठेवायचे, विमानतळावर विचारले तर 'मेहुण्याला भेटायला चाललो' म्हणायचे, आणि तिथे गेल्यावर काम शोधायचे. फिरायला जाणाऱ्याला संरक्षकाची मंजुरी लागत नाही. या दोन्ही तऱ्हांत माणूस देशाबाहेर पडतो, आणि बाहेर पडताना करार, विमा, नोंद हे सगळे मागे टाकून जातो. ज्याच्यासाठी कुंपण घातले तोच कुंपणाखालून सरपटत जातो आणि जाताना अंगावरचा सदराही फाडून घेतो.

केरळात असे होत नाही असे नाही, पण तिथे अनिवासी केरळीयांसाठी १९९६ पासून राज्य सरकारचे वेगळे खाते आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गल्लीत आखातात राहून आलेला एक मामा आहे. कोणती कंपनी पगार बुडवते हे त्याला ठाऊक असते. मंजुरी घेऊन जाणाऱ्यांच्या सरकारी आकड्यांत उत्तर प्रदेश आणि बिहार सर्वांत पुढे असतात. आपला मराठवाडा त्यात किरकोळ आहे. आमच्या माणसाला तिथे ना मामा ना गाववाला. त्याला फक्त भाऊ.

हे सगळे त्या दुपारी चालले होते तेव्हा मला राहून राहून आमच्याच जिल्ह्याचा जुना इतिहास आठवत होता. कारण माणसाने दुसऱ्याच्या मुलखात काम करायला परवानगी मागण्याची गोष्ट जालन्याला नवी नाही. मात्र तेव्हा मागणारे दुसरे होते.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात चाकरीसाठी समुद्र ओलांडून अरब येत. बहुतेक हद्रमौत या प्रदेशातले, म्हणजे आजच्या येमेनमधले. तिथे वाळवंट आणि उपासमार, इथे निजामाच्या, सरदारांच्या फौजेत पगार. मराठवाड्यातल्या गढ्यांवर, सावकारांच्या वसुलीवर हे अरब पहारेकरी असत. इंग्रजांना ही शस्त्रधारी माणसे खुपत होती आणि त्यांच्या येण्यावर बंधने घालावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी निजामाच्या दरबारामागे लकडा लावला होता. आमच्या भागातली चाऊस मंडळी त्या अरबांच्या वंशातली. माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एखादा चाऊस असायचा आणि त्याचे मराठी माझ्यापेक्षा अस्सल घनसावंगीचे असायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान खालसा झाले तेव्हा यांपैकी पुष्कळ अरबांना परके ठरवून ताब्यात घेतले गेले आणि अनेकांना समुद्रापार परत धाडले गेले. ज्या राज्याने चाकरी दिली तेच उरले नाही, तेव्हा चाकरीची परवानगी कुणाकडे मागणार? आता वाट उलटी झाली आहे. त्यांच्या आजोबांचा येमेन आमच्या १८ देशांच्या यादीत आहे आणि तिथल्या युद्धामुळे भारत सरकारने २०१७ मध्ये तिकडे जाण्यावरच बंदी घातली.

परवानगीची दुसरी तऱ्हा त्याहून घरगुती. हैदराबाद संस्थानात 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' असा भेद होता. सरकारी नोकरी मुल्की माणसालाच. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने बाहेरच्या माणसाला मुल्की ठरायला संस्थानात १५ वर्षे वास्तव्य आणि परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र अशी अट घातली. शेवगाव इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात आणि अंबड निजामाकडे. दोन्हीकडे भाषा मराठी, सोयरिकी एकमेकांत, पण शेवगावचा मास्तर अंबडच्या सरकारी शाळेत नोकरी मागायला आला तर तो परदेशी. मध्ये जकातीचा नाका आणि नाणेही निराळे. आजच्या पोरांना हे सांगितले तर ती हसतात.

हसण्याचे कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत, भट्ट्यांवर बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा इथले हजारो मजूर आहेत. त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तुझी दहावी झाली आहे का. भारतात कुठेही राहून काम करण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. पण हा हक्कही एका उन्हाळ्यात पासावर आला होता. टाळेबंदीत जालन्याच्या एका कारखान्यातले मध्य प्रदेशातले वीस मजूर रुळांवरून पायी घरी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ, थकून रुळांवर झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. घरी जाण्याच्या पाससाठी आम्ही आधी अर्ज केले होते, असे वाचलेल्यांनी सांगितले होते. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र ज्यांनी पाहिले ते विसरले नसतील.

आणि 'संरक्षक' या पदाचे वय किती? एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गिरमिटिये पाठवायला सुरुवात झाली, त्यांच्या फसवणुकीची बोंब झाली म्हणून १८३९ मध्ये कंपनी सरकारने ही निर्यातच बंद केली. मळेवाल्यांनी ओरड केली तेव्हा १८४२ मध्ये मॉरिशसपुरती पुन्हा उघडली आणि कलकत्ता, मुंबई, मद्रास या बंदरांवर मजूर राजीखुशीने जातो आहे ना, हे पाहायला अधिकारी नेमले. मॉरिशसमध्ये आज जी मराठी घराणी आहेत त्यांचे कोकणातले पूर्वज मुंबई बंदरावर अशाच अधिकाऱ्यापुढून गेले. गिरमिट संपले, १९२२ चा कायदा आला, १९८३ चा आला, अधिकारी राहिला. तेव्हाही प्रश्न 'हा माणूस अडाणी आहे का' हाच होता, 'याला नेणारा प्रामाणिक आहे का' हा क्वचितच विचारला गेला.

माझे म्हणणे एवढेच आहे की तपासणी चुकीच्या टोकाला बसवली आहे. शिक्षण पाहून कोण फसेल हे ठरवणे आता तर पार खोटे ठरले आहे. गेल्या काही वर्षांत थायलंडमधल्या संगणकाच्या नोकरीची आमिषे दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये सीमेपलीकडच्या वस्त्यांत डांबले आणि त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करून घेतली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणले. संगणकापुढे बसवायला नेलेली ही माणसे. दहावी झालेल्याच्या पासपोर्टावर ती तीन अक्षरे नसतात, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. थायलंड १८ देशांच्या यादीत असूनही. सरकारला हे अजिबात कळत नाही असेही नाही. नर्सेसच्या भरतीत अफाट पैसे उकळले जातात हे लक्षात आल्यावर २०१५ पासून पदवीधर नर्सलाही या देशांत जाण्यासाठी मंजुरी सक्तीची केली. म्हणजे कामाकडे आणि भरतीकडे पाहून नियम करता येतो. पण जानेवारी २०१८ मध्ये याच सरकारने ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट देण्याचे जाहीर केले होते. अडाणी माणूस दुरूनच ओळखू यावा! ओरड झाली आणि तो निर्णय त्याच महिन्यात मागे घेतला. कायदा बदलण्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिकलेल्यांची दारे तरी सताड उघडी आहेत का? अमेरिकेचा एच-वन-बी वर्षाला ८५,००० जणांना, तोही सोडतीने. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसले तेव्हा आमच्या कॉलनीत दोन घरांत रात्रभर दिवे होते. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला, पण आधी जर्मन शिका. त्याच वर्षी पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्रायलच्या बांधकामांसाठी कामगारांच्या चाचण्या झाल्या. तिथे मात्र माणसाच्या हातातले काम पाहत होते, हे मला आवडले. फक्त तो देश युद्धात होता.

तर त्या दुपारी मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. भाऊंना साठ हजार देऊ नकोस, ही पहिली. परवानाधारक एजंटांची यादी ई-मायग्रेटवर असते. तिथे नाव नसेल तर पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून उठायचे. दुसरी गोष्ट सांगायला मला जरा संकोच वाटला.

"सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावीला बस."

तो माझ्याकडे बघत राहिला. "गुरुजी, माझी पोरगी सातवीला हाय."

"मग तिच्याकडून गणित शिक."

मी हे गमतीने म्हणालो, पण तो चार दिवसांनी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आला. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात माझ्याच अक्षरात 'सतत गैरहजर' असे लिहिलेले. त्या ओळीकडे मी बराच वेळ पाहत होतो. तेव्हा सायकल काढून त्याच्या वस्तीवर गेलो असतो, तर कदाचित हंगामापुरता त्याला आजीजवळ ठेवता आला असता. काही मुलांसाठी गेलोही होतो. याच्यासाठी नाही. तो मात्र त्या रकान्याकडे न बघता शुल्क किती भरावे लागेल ते विचारत होता.

सौदीची ती जागा अर्थातच गेली. भाऊंनी दुसऱ्या कुणाला पाठवले, आणि तो गडी आता रियाधजवळ कुठेतरी टाईल्स उचलतो आहे, असे ऐकतो. आमचा वेल्डर दिवसा शेडवर असतो आणि रविवारी सकाळी माझ्याकडे येतो. इंग्रजी कठीण जाते. भूमिती चांगली आहे. कोन त्याला पुस्तकात बघावा लागत नाही. परवा वही मिटताना त्याने विचारले, "गुरुजी, बीजगणित सगळं सोडलं तर पस्तीस पडतील का?"

मी म्हटले, सगळे नको, वर्गसमीकरणे सोड. समीकरणांच्या जोड्या मात्र पुढच्या रविवारी परत घेऊ.